केव्हापासून

सैनिक कल्याण कार्यालयातल्या बाईंनी
फॉर्मच्या अकराव्या रकान्यावर पेन्सिलीनं टिंब दिलं.
अपंगत्व केव्हापासून?
जन्मापासून, मी म्हणालो.
कागद?
बाई, तो बाहेर बाकावर बसलाय. पाहून घ्या.
त्या उठल्या, पाहून आल्या, खुर्ची ओढून बसल्या
आणि हळूच म्हणाल्या,
काका, कागदच लागेल.

फॉर्मवर त्याला मूल म्हणतात.
मूल एकेचाळीस वर्षांचं आहे.
रोज सकाळी मी त्याची दाढी करतो.
गाल ताणायला आतून जीभ लावायची असते,
ते निळूला जमत नाही,
म्हणून मीच माझ्या गालात जीभ घालतो,
उगाच.

सुगंधा असती तर माझ्यानंतर पेन्शन तिला,
आणि तिच्या हातून त्याला. एवढा साधा हिशोब होता.
तिचं नाव कापून आलं त्या लिफाफ्यातच
हा कोरा फॉर्म होता.

मेडिकलचा रेकॉर्ड विभाग
जुन्या इमारतीच्या पाठीमागं, शवागाराच्या वाटेवर.
मे महिना. कूलरमधलं पाणी संपलेलं,
नुसतीच झळ फिरवत होता.
विषय : जुना केस पेपर मिळणेबाबत.
चोवीस वर्षं फौजेत काढली,
मिळणेबाबत हा शब्द इथं शिकलो.
काहून बाप्पा, ठवकर म्हणाले, चौऱ्याऐंशीचं कोठी सापडते?
अर्धं पाण्यानं नेलं, अर्धं उधईनं.
राह्यलो तो मी.

चौथ्या खेपेला त्यांनी स्वतःच हाक मारली.
गॉजच्या पट्टीनं बांधलेला गठ्ठा.
कागदाची खालची बाजू कुरतडलेली, वरची शाबूत.
ठवकरांनी चष्मा कपाळावर चढवला, इंग्रजी वाचलं,
मग माझ्याकडं न पाहता मराठीत सांगितलं :
बाळ सात मिनिटांनी रडलं.

मी तेव्हा जोशीमठच्या वर होतो.
मेहुण्यानं तार केली होती, पुत्र झाला सर्व खुशाल.
लंगरात मी शिरा वाटला,
सुभेदार साहेबांनी दोनदा घेतला.
तारेला शब्दागणिक पैसे पडायचे.
सात मिनिटं तीत बसली नसती.

आणि खाली, बाप : हजर नाही.
त्याच्या शेजारी संमतीचा अंगठा.
सुगंधा सही शिकली ती पुढच्या वर्षी,
माझ्या मनीऑर्डरी घ्यायला. पोस्टमननं शिकवली.
तिचा अंगठा मी कधी पाहिलाच नव्हता.
शाई जास्त लागलेली, फार जोरानं दाबलेला,
एकही रेघ उमटली नव्हती.

झेरॉक्समध्ये त्याचं काळं टिंब झालं.
ठवकरांनी मूळ प्रतीप्रमाणे असा शिक्का मारला,
तो नेमका त्यावर अर्धा पडला.
दुसरी मारू का, म्हणाले.
मी म्हटलं, राहू द्या.
पैसे त्यांनी घेतले नाहीत. चहाही नाही.

कामठीच्या ऑटोत निळू फाईल मांडीवर धरून बसला,
म्हणजे मी त्याचा हात धरला आणि त्या हाताखाली फाईल.
सेंटरच्या बिगुलाला तो जो आवाज काढतो
तो त्यानं आज सिग्नललाच काढला.
ऑटोवाला मागं वळून हसला. मीही.

घरी आल्यावर अकराव्यात पेन टेकवलं.
जागा एका ओळीची.
जन्मापासून, लिहिलं. बाकीचं नाही.
तेराव्यात लाभार्थीची सही किंवा अंगठा.
पॅड उघडलं, पुसायला ओला रुमाल घेतला.
त्याची मूठ उघडायला वेळ लागतो,
घाई केली की आणखी आवळते.
सुगंधा आधी मनगट चोळायची, मग करंगळी,
मग एकेक बोट.
तसंच करत बसलो.
घड्याळाकडं पाहिलं नाही.